वय ५६, ब्राऊन बेल्ट, आणि सर म्हणतात "मॅडम तुम्ही फाईट नका करू", काय करावं?

पहाटवारा (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी, जरा मोठं होणार आहे, पण गेले पंधरा दिवस डोक्यात हेच चाललंय आणि घरात कोणाशी बोलायला गेलं की विषय दोन वाक्यांत संपतो, म्हणून इथे लिहितेय.

मी शाळेत शिक्षिका, वय ५६, अजून दोन वर्षांनी रिटायर होईन. कराटे सुरू केलं ४४ व्या वर्षी. झालं असं की मुलगी पाचवीत होती, तिला क्लासला सोडायला जायचे आणि ती दीड तास आत असताना मी बाहेर पायरीवर बसून पेपर तपासायचे. एक दिवस सरच म्हणाले, मॅडम नुसत्या बसता त्यापेक्षा मागच्या लाइनीत उभ्या राहा की. राहिले. पंजाबी ड्रेस होता, ओढणी कमरेला गच्च बांधली आणि उभी राहिले. किबा दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकून, दोन मिनिटं काढल्यावर मांड्या अशा थरथरत होत्या की घरी जाताना स्कूटी स्टँडवरून निघेना, पण त्या रात्री कित्येक वर्षांनी पडल्या पडल्या झोप लागली. मुलीने नववीत क्लास सोडला, आता ती पुण्याला नोकरीला आहे. मी नाही सोडलं. मधे सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या ते वर्ष आणि नंतर लॉकडाऊन, एवढाच काय तो खंड.

तीन वर्षं झाली ब्राऊन बेल्ट होऊन. आता डिसेंबरमध्ये ब्लॅक बेल्टची, म्हणजे शोदानची ग्रेडिंग (परीक्षा) आहे. आमची स्टाईल शोतोकान, कराटेतलीच एक शाखा. आणि नेमका उजवा गुडघा दुखायला लागला. एक्सरे काढला, डॉक्टर म्हणाले झीज सुरू झालीये, आत्ता ऑपरेशनचं काही नाही, पण खाली बसू नका, जिने टाळा आणि ते कराटे बिराटे बंद करा. मी काय करते, किती करते, कुठल्या हालचालीला दुखतं, एक प्रश्न नाही विचारला.

त्याचं एवढं नाही वाटलं. वाटलं ते सरांचं. त्यांना गुडघ्याचं सांगितलं तर म्हणाले, मॅडम काळजीच करू नका, तुम्ही फक्त काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) करा, फाईट नका करू, किक कमरेच्या खाली मारा, मी परीक्षकांशी बोलून घेतो, तुमचा बेल्ट कुठे जात नाही. माणूस अतिशय चांगला आहे, बारा वर्षांत एकदाही मला वेगळं वागवलं नाही, आणि हे सुद्धा प्रेमानेच म्हणाले. पण मी घरी आले आणि मला रडू आलं. असा बेल्ट घेऊन मी काय करू? शाळेत मी कधी कोणाला ग्रेसचे मार्क मागू दिले नाहीत.

आणि एक. क्लासमध्ये माझ्या बरोबरीचं कोणी नाही, सगळी मुलं. कुमितेला, म्हणजे फाईटला, माझा पार्टनर नववीतला एक मुलगा असतो, गुणी आहे, पण त्याची मूठ माझ्या छातीपासून हातभर लांबच थांबते आणि तो "सॉरी मॅडम" म्हणतो, मी अजून ब्लॉकसाठी हात उचललेलाही नसतो. गेली दोन वर्षं माझ्या अंगावर एकही खरा पंच आलेला नाही. मग मला येतं की नाही येत हे मला तरी कसं कळणार?

तर विचारायचं हे की पन्नाशीच्या पुढे मनापासून कराटे करणारं इथे कोणी आहे का, गुडघा सांभाळून तुम्ही काय काय बदललंत, आणि ही सवलत घ्यावी की नाही. नवरा म्हणतो बारा वर्षं झाली, शिकलीस, आता पुरे. मला पुरे नाही वाटत.

कृषीनगर_ट्रॅक

ताई तुमचं मन मोडायचं नाहीये, पण माझ्या सासऱ्यांनी असंच ऐकलं नाही, ६० व्या वर्षापर्यंत बॅडमिंटन खेळले आणि शेवटी दोन्ही गुडघे बदलावे लागले. शरीराने सांगितलं की ऐकावं. आमच्या इथे ट्रॅकवर रोज सकाळी तुमच्या वयाच्या कितीतरी बायका चालायला येतात, छान ग्रुप आहे, चालणं हा सगळ्यात सेफ व्यायाम. बारा वर्षं केलंत हेच खूप मोठं आहे.

पहाटवारा

दादा काळजीने लिहिलंत, आभार. चालायला मी जातेच, पांडवलेणीच्या पायऱ्याही गेल्या वर्षापर्यंत रविवारी चढायचे. पण चालताना डोक्यात भाजी, शाळा, लाईट बिल सगळं चालू असतं. काता करताना फक्त काता असतो. ते मला दुसरीकडे कुठे मिळत नाही.

प्रेसवाला_नाशिकरोड

ताई, वय वर्षं ६६, कराटे १९८१ पासून, शोतोकानच. प्रेसमध्ये नोकरी केली, शिफ्ट ड्युटी, नाईट करून सकाळी क्लास अशी वर्षं काढली आहेत, आता रिटायर. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

पहिल्यांदा किकचं बोलतो कारण तिथे तुमच्या मनात एक चुकीची गोष्ट बसलीये. कमरेखालची किक ही सवलत नाही. ती मूळची आहे. ओकिनावा बेटावर, जिथे कराटे जन्मलं, तिथे जे कराटे होतं त्यात किका खालीच असायच्या, गुडघ्यावर, नडगीवर, मांडीच्या सांध्यात, जास्तीत जास्त पोटात. स्टान्स, म्हणजे उभं राहायच्या पद्धती, पण आत्तापेक्षा उभट होते. आपण जे लांबलचक झेनकुत्सु (पुढचा गुडघा वाकवलेला स्टान्स) आणि डोक्यापर्यंत जाणारी मावाशी गेरी (गोल फिरून येणारी किक) बघतो ते पुष्कळसं १९३० आणि ४० च्या दशकात आलं, शोतोकानचे जनक फुनाकोशी सर, त्यांचा मुलगा गिगो आणि त्याच्या बरोबरची तरुण पोरं यांनी आणलं, पुढे स्पर्धा आल्या आणि उंच किकला पॉइंट मिळायला लागले. म्हणजे गेदानला (कमरेखाली) मारलेली चांगली माए गेरी (समोरची किक) ही म्हाताऱ्यांची किक नाही, आजोबांच्या आजोबांची किक आहे. फक्त ती खरी पाहिजे. गुडघा आधी वर आला पाहिजे, कंबर मागून आली पाहिजे, आणि पाय जितक्या वेगाने गेला तितक्याच वेगाने परत आला पाहिजे. खाली मारायची म्हणून सैल मारली तर मात्र ती सवलत झाली.

दुसरं, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून मुद्दाम सांगतो. गिचिन फुनाकोशी, जन्म १८६८, हे पण ओकिनावात शाळामास्तर होते. टोकियोला कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला गेले १९२२ साली. हिशोब करा, ५३-५४ वय. मास्तरकी संपलेली, परक्या शहरात, ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायचे, तिथली झाडलोट करायचे आणि कराटे शिकवायचे. आज जगभर जे शोतोकान आहे ते त्या वयानंतर उभं राहिलंय. १९५७ ला गेले तेव्हा ८८ वर्षांचे होते आणि शेवटपर्यंत कराटे सोडलेलं नव्हतं. हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो आणि स्वतःला तर दर वाढदिवसाला सांगतो.

आता माझी चूक सांगतो म्हणजे तुम्ही ती करणार नाही. ५२ व्या वर्षी मी पंचविशीतल्या पोरांच्या बरोबरीने ट्रेनिंग करायचो. ते शंभर किका मारणार तर मी शंभर मारणार. कोणी सांगितलं नव्हतं, माझा मीच हट्ट. एका हॉलमध्ये नवीन रबरी मॅट टाकलेल्या, त्या जोडायच्या असतात तसल्या, मऊ. त्यावर मावाशी मारताना उभा पाय फिरायला पाहिजे तो मॅटला चिकटून तिथेच राहिला आणि वरचं अख्खं अंग फिरलं. गुडघ्यात ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) फाटलं. आठ महिने गेले. आम्ही आयुष्यभर शहाबादी फरशीवर ट्रेनिंग केलेली माणसं, तिथे पाय सरकतो, गुडघा वाचतो. तेव्हापासून कुठेही गेलो की अनवाणी उभं राहून आधी टाच फिरवून बघतो. तुम्हीही बघत जा.

आत्ता मी काय करतो ते असं. आठवड्यात तीन दिवस, एकाआड एक. वॉर्मअप पूर्वी पाच मिनिटं करायचो, आता वीस मिनिटं, थंडीत तर पंचवीस, नाशिकच्या डिसेंबरात सकाळी सहाला गार अंगाने किक मारली की चार दिवस भोगावं लागतं. किका मोजून, एका पायाच्या वीसच्या वर नाही, पण त्या वीसातली एकही वाया घालवत नाही. उड्या बंद. कांकु दाई नावाच्या काताच्या शेवटी उडी आहे, तिथे मी साध्या दोन किका मारतो. आणि सगळ्यात जास्त वेळ तेक्की शोदान नावाच्या काताला देतो. एका रेषेत डावीकडे उजवीकडे, एकच स्टान्स, उंच किक एक नाही, बघणाऱ्याला वाटतं यात काय आहे. चाळीस वर्षं करतोय, गेल्या वर्षी कुठे कळायला लागलं की कंबर न हलवता ताकद कुठून काढायची. हे विशीत कळणंच शक्य नाही हो, तेव्हा ताकद इतकी असते की चूक झाकली जाते.

फाईटचं: सोडू नका. वय झाल्यावर वेग जातो, पण समोरच्याच्या खांद्यावरून तो कधी निघणार हे दिसायला लागतं. ते दिसायला समोरून खरा पंच यावा लागतो. हातभर लांब थांबणाऱ्या पंचाने ते कधीच येणार नाही, तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर आहे.

फिजिओ_कॉलेजरोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः कराटे केलेलं नाही, पण माझ्याकडे रनर्स, सायकलिस्ट, कबड्डीवाले सगळे येतात. नाशिकच्याच दोन डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेतली रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत टीममध्ये पूर्ण केली तेव्हापासून तर चाळिशी पन्नाशीतले लोक "मला हे सोडायचं नाहीये, कसं करू ते सांगा" असंच म्हणत येतात. मला हा प्रश्न आवडतो.

ताई, तपासल्याशिवाय तुमच्या गुडघ्याबद्दल मी काही ठाम बोलणार नाही. पण एक्सरेमध्ये झीज दिसणं आणि व्यायाम बंद करणं यांचं सरळ नातं नाही. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतोच, तिला पोषण मिळतं ते सांधा हलल्याने आणि त्यावर माफक भार आल्याने. ५६ व्या वर्षी पूर्ण थांबलात तर मांडीचे स्नायू भराभर उतरतील आणि मग तोच भार थेट सांध्यावर येईल. म्हणजे ज्याला घाबरून थांबायचं तेच लवकर येणार.

मी माझ्या पेशंटना एक साधी खूण देते. करताना थोडं दुखलं, दहापैकी तीन चारपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा पूर्ववत असेल तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा एकदम सोडून देत असेल तर थांबा आणि दाखवा. आणि पेनकिलर घेऊन क्लासला अजिबात जायचं नाही, दुखणं हाच तुमचा मीटर आहे, तो बंद करून गाडी चालवू नका.

तुमच्या दोन तीन स्टान्सचे व्हिडिओ मी नेटवर बघितले. त्या पुढे वाकलेल्या स्टान्समध्ये आणि घोड्यावर बसल्यासारखा जो आहे त्यात, बहुतेकांचा गुडघा आत पडतो. हे आरशासमोर बघा. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला पाहिजे, अंगठ्याच्या आत गेली की सांध्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. गुडघा आत पडतो त्याचं कारण बऱ्याचदा गुडघ्यात नसतं, खुब्याच्या बाहेरचे स्नायू कमजोर असतात. त्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, खुर्चीवरून हात न लावता सावकाश उठणं बसणं, एका पायरीवर चढउतार, टाचा उचलणं. एवढंच, आठवड्यात तीनदा, सहा ते आठ आठवडे नेटाने. आणि हवेत किक मारताना गुडघा शेवटपर्यंत झटका देऊन सरळ करू नका, हवेत ती ताकद अडवायला काही नसतं, सगळा झटका सांध्यातच बसतो. पॅडवर मारा.

आणखी एक, हे पाळी गेलेल्या सगळ्या बायकांसाठी सांगते. डेक्सा स्कॅन करून घ्या, हाडांची घनता कळते. टी स्कोअर उणे १ ते उणे २.५ मध्ये असेल तर हाडं विरळ व्हायला लागलीत, त्याच्याही खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, आणि मग जोरदार कॉन्टॅक्टचा विचार वेगळा करावा लागेल. फाईट करायची की नाही हे गुडघ्यापेक्षा मला या रिपोर्टवर ठरवायला आवडेल. बीपी, शुगर, ईसीजी आणि तुमच्या फिजिशियनना गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट, हे ग्रेडिंगच्या तयारीआधी.

चालणं चांगलंच आहे, वरच्या दादांचं चूक नाही, पण चालण्याने तोल आणि ताकद म्हणावी तशी वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ६५ च्या पुढच्या लोकांनी आठवड्यात किमान तीन दिवस तोल आणि ताकदीवर भर देणारा व्यायाम करावा असं आहे, पडणं टळावं म्हणून. एका पायावर उभं राहून सावकाश दुसरा पाय उचलणं, वळणं, थांबणं, हे तुम्ही आधीच करताय.

देवळालीकर_आजी

मी ६१, गोजु रयू, ही कराटेची दुसरी शाखा. २० वर्षं झाली. माझं गुडघ्याचं नाही, बीपीचं आहे, ते सांगते कारण वर कोणी फारसं बोललं नाही. आमच्याकडे सानचिन नावाचा काता असतो, हळूहळू, सगळं अंग आवळून, श्वास आवाज करत सोडायचा. तो करताना मी नकळत श्वास कोंडायचे. एकदा डोळ्यासमोर काजवे चमकले, भिंतीला धरून बसले, बीपी मोजलं तर खूप वर. आता आवळणं अर्ध्यावर आणलंय आणि श्वास कुठेही अडवत नाही, ओठातून सोडत राहते. तुमच्या शोतोकानात हांगेत्सु काता करता त्यातही असंच हळू आणि जोर लावून असतं ना, तिथे जपा. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातला आकडा बघून "मी अजून दमले नाही" असं समजू नका, बोलता येतंय का ते बघा. आणि रक्त पातळ करायची गोळी कोणाला चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुमितेत उतरू नये.

बाकी घरच्यांचं म्हणाल तर माझे मिस्टर पण पाच वर्षं पुरे पुरे म्हणत होते. मग एकदा गडावर गेलो, सप्तशृंगीला, पाचशेच्या वर पायऱ्या, मी चढले आणि ते मधे तीनदा बसले. त्यानंतर नाही म्हणाले.

सिडको_सेन्सेई

ओस्स (आमचा कराटेतला नमस्कार) ताई. मी ३४ वर्षांचा, सिडकोत क्लास चालवतो, साठ सत्तर मुलं आहेत आणि मोठी माणसं फक्त पाच. तुमच्या सरांच्या बाजूने थोडं बोलू द्या, कारण मी पण हीच चूक केलेली आहे.

माझ्याकडे ५९ वर्षांचे एक काका यायचे. रिटायर्ड, रोज दहा मिनिटं आधी येऊन हॉल झाडायचे. मला सतत भीती की यांना काही झालं तर? घरचे काय म्हणतील, बाकीचे पालक काय म्हणतील? म्हणून मी त्यांना हळूहळू एकेक गोष्टीतून काढत गेलो. काका तुम्ही बसा, काका तुम्ही फक्त बघा, काका तुम्ही मोजणी म्हणा. सहा महिन्यांत त्यांनी यायचं बंद केलं. फोन केला तर म्हणाले, सर तिथे माझं काही काम उरलं नव्हतं. ते वाक्य माझ्या अजून लक्षात आहे. मला वाटत होतं मी काळजी घेतोय आणि खरं तर मी मला शिकवायला कठीण जाणारा विद्यार्थी बाजूला सारत होतो. लहान मुलांना शिकवायची एक पद्धत बसलेली असते, मोठ्यांना शिकवायचं तर प्रत्येकाचा वेगळा विचार करावा लागतो.

म्हणून सांगतो, तुमच्या सरांना क्लास संपल्यावर निवांत गाठा आणि "मला सवलत नको" एवढंच म्हणू नका, त्याने ते अजून घाबरतील. काय हवंय ते नेमकं सांगा. एक, मोठा पार्टनर द्या. क्लासमध्ये नसेल तर दुसऱ्या क्लासमधून महिन्यातून दोनदा कोणाला तरी बोलवा, सेन्सेई लोक एकमेकांना ओळखतात. दोन, फ्री फाईट नको असेल तर जियु इप्पोन द्या. म्हणजे हल्ला करणारा आधी सांगतो, जोदान (डोकं), चुदान (छाती-पोट), माए गेरी, आणि मग खराखुरा मारतो, एकच. तुम्ही ब्लॉक करून एकच उत्तर द्यायचं. शोदानला बऱ्याच ठिकाणी हेच मागतात, ओढाताण नाही, उडी नाही, गुडघ्याला झटका नाही, पण पंच मात्र खरा, नाही अडवला तर लागणार. परीक्षक तिथे तुमच्या किकची उंची बघत नाहीत. तुम्ही मागे पळता का जागा धरता, अंतर कळतं का, आणि उत्तर देताना कंबर येते का नुसता हात येतो, ते बघतात.

तीन, नववीतल्या त्या मुलाशी तुम्हीच बोला. तो तुम्हाला शिक्षिका म्हणून बघतो, त्याचा हात कसा येईल? त्याला सांगा, माझ्या ड्रेसला मूठ लागली पाहिजे, नाही लागली तर तुझा पंच चुकला. मुलांना काम म्हणून सांगितलं की ती करतात.

आणि परीक्षकांशी "बोलून घेणं" मात्र नको. तुमच्या सरांच्या मनात वाईट नाही, पण तो बेल्ट तुम्हाला रोज बांधायचाय.

कृषीनगर_ट्रॅक

वाचतोय सगळं. ताई मी जरा घाईत लिहिलं होतं. सासऱ्यांचं आठवलं म्हणून लिहून गेलो, त्यांनी कधी वॉर्मअप केलं नाही आणि गोळ्या खाऊन खेळायचे हेही खरं. ऑल द बेस्ट.

पहाटवारा

सगळ्यांना आधी सॉरी, तीन आठवडे काही लिहिलं नाही, सहामाहीचे पेपर होते. पण तुमचं एकेक वाक्य घेऊन कामाला लागले होते.

डेक्सा केला. मणक्याचा टी स्कोअर उणे १.४, खुब्याचा त्याहून बरा. डॉक्टरांनी (दुसरे गाठले, शांतपणे ऐकून घेणारे) व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम दिलंय आणि म्हणाले ठरलेल्या हल्ल्यांचं कुमिते करा, अंदाधुंद नको, पडू नका. फिजिओ मॅडम, आरशासमोर उभी राहिले आणि बघतच राहिले. उजवा गुडघा खरंच आत पडतो, किबा दाचीत तर सरळ आत. बारा वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही. आता कुशीवरचे आणि खुर्चीचे व्यायाम रोज पहाटे, क्लासच्या आधी. दुखणं गेलं नाहीये पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना जी कळ यायची ती कमी आहे.

सरांशी बोलले. तुम्ही म्हणालात तसंच, क्लास सुटल्यावर, सगळी मुलं गेल्यावर. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले मॅडम मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. मी म्हटलं सर, बारा वर्षं तुम्ही मला मुलांसारखंच ओरडलात म्हणून मी टिकले. पुढच्याच रविवारी त्यांनी सातपूरच्या एका क्लासमधून एका ताईंना बोलावलं, पंचेचाळीसच्या असतील, ब्लॅक बेल्ट, हात असा की बास.

त्या समोर उभ्या राहिल्या, "जोदान" म्हणाल्या आणि आल्या. मी ब्लॉक उचलला पण उशिरा उचलला. त्यांची मूठ माझ्या हनुवटीला लागली, जोरात नाही, नुसती टेकली, पण गार. मी दोन पावलं मागे गेले. "परत", त्या म्हणाल्या. दुसऱ्यांदा पण तसंच. दादा तुम्ही खांद्याचं लिहिलं होतं ते आठवलं, तिसऱ्यांदा मी मूठ बघायची सोडली आणि खांदा बघितला. खांदा इतकासा खाली गेला आणि माझा हात आपोआप वर आला, हाडावर हाड लागलं तो आवाज हॉलभर आला आणि माझी ग्याकु झुकी (मागच्या हाताचा पंच) त्यांच्या बरगड्यांपाशी जाऊन थांबली होती. मागून तो नववीतला मुलगा "ओस्स" ओरडला. डाव्या हाताला पोळपाटावरच्या पुरणाएवढी गाठ आली होती, शाळेत लांब बाह्यांचा ब्लाऊज घालून गेले.

ग्रेडिंगचं असं ठरलंय की डिसेंबरला नाही बसत. सरांना मीच सांगितलं. चार महिने मिळाले तर गुडघा तयार होईल आणि त्या ताई महिन्यातून दोनदा यायला तयार आहेत. एप्रिलमध्ये पुढची आहे, तिला बसेन, सगळ्याला बसेन, किक गेदान चुदान आणि कोणी कोणाशी बोलून घ्यायचं नाही. काता बासाई दाई. मिस्टरांना हाताची गाठ दाखवली तर आधी चिडले, मग स्वतःच फ्रीजमधून बर्फ आणून दिला, काही बोलले नाहीत.

एकच विचारायचं राहिलं. ग्रेडिंगच्या हॉलमध्ये दादा म्हणतात तसल्याच जोडायच्या रबरी मॅट असतात. आमच्या क्लासला फरशी. आत्तापासून काय करू?

प्रेसवाला_नाशिकरोड

शाब्बास ताई. चार महिने थांबायचं ठरवलंत हे मला त्या ब्लॉकपेक्षा जास्त आवडलं.

मॅटचं: दोन चार तुकडे विकत आणून घरी टाका आणि त्यावर फक्त वळणं करा, किक नाही. वळताना वजन टाचेवर दाबून फिरायचं नाही, आधी वजन हलकं करायचं, पाय फिरवायचा, मग वजन टाकायचं. बासाईत वळणं बरीच आहेत, एकेक सुटं काढून रोज दहा वेळा. आणि ग्रेडिंगच्या दिवशी तासभर आधी जा, अनवाणी अख्ख्या मॅटवर फिरून जिथे जोड वर आलाय तो कोपरा बघून ठेवा, तिथे उभं राहू नका. तळपायाला घाम असेल तर कोरड्या फडक्याने पुसून मगच लाइनीत या.